फोन घ्या, पण आधी मेन स्विच पाडून बघा



गाळप हंगाम तोंडावर आला की या पत्रिकेतून बेणे, लागण, खताचे डोस आणि तोडणीचा प्रोग्रॅम यांवर लिहिले जाते. ते योग्यच आहे. या वेळी मात्र आम्ही वेगळ्या विषयावर चार शब्द लिहिणार आहोत. विषय आहे इंटरनेटवरून चालणाऱ्या टेलिफोनचा. उसाच्या पत्रिकेत फोनचे काय काम, असे कोणी विचारील. पुढचा प्रसंग वाचल्यावर तसे कोणी विचारणार नाही, अशी आमची खात्री आहे.

गेल्या हंगामातली गोष्ट. जानेवारी महिना, दुपारी दोनचा सुमार. आमच्या शिवारावरून गेलेल्या विजेच्या तारा वाऱ्याने एकमेकींना घासल्या, ठिणग्या पडल्या आणि खालच्या पाचटाने पेट घेतला. भावकीतला एक पोरगा धापा टाकीत सोसायटीत आला. सोसायटीतून गट ऑफिसला फोन करायचा आणि गट ऑफिसने कारखान्याच्या अग्निशामक बंबाला निरोप द्यायचा, अशी आमच्याकडची रीत. क्लार्कने रिसीव्हर उचलला, दोनदा आपटला आणि म्हणाला, "आण्णा, फोन मुका झालाय. लाइट गेलीया न्हवं!"

तारा घासल्याबरोबर फिडर ट्रिप झाला होता. त्याच फिडरवर आमचे गावठाण. गावाची लाइट गेली आणि लाइटीबरोबर फोनही गेला. सोसायटीची इमारत जुन्या दगडी बांधणीची, आत मोबाइलला रेंज नाही. एक जण गच्चीवर पळाला. त्याच्याजवळचा नंबर निघाला आधीच्या चिटबॉयचा. त्या गृहस्थाची बदली होऊन वर्ष झाले होते. त्याने दुसऱ्याचा नंबर दिला, दुसऱ्याने तिसऱ्याचा. या सगळ्यात पंचवीस मिनिटे गेली. तीन एकर ऊस जळाला. फोन लागला असता तर एक एकरावर निभावले असते, असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. आग कोणाला विचारून थांबत नाही. पण जळीत उसाची कपात ज्याने सोसली, त्याच्या डोळ्याला डोळा द्यायला आम्हाला जड जाते. कारण सोसायटीच्या बैठकीत "हा नवा फोन घ्या" म्हणून बोलणारे आम्हीच होतो.

त्या बैठकीत आम्ही काय पाहिले? जुन्या फोनचे महिन्याचे भाडे वाचते, नवा फोन इंटरनेटबरोबर फुकटात येतो, एवढेच. लाइट गेल्यावर काय होईल, हे आम्ही विचारले नाही. विकणाऱ्यानेही आपण होऊन सांगितले नाही. दोष एकट्या त्याचा नाही, आमचाही आहे. म्हणून जे आम्ही ठेच लागून शिकलो, ते आपणापुढे ठेवतो.

जुना आणि नवा

तांब्याच्या तारेवरच्या जुन्या फोनला वीज आपल्या घरातून लागत नसे. एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची रांग असे आणि तिथूनच तारेवर ४८ व्होल्टचा प्रवाह येई. गावात अंधार असला तरी रिसीव्हर उचलला की आवाज येई तो यामुळे. हे आपल्याला इतके अंगवळणी पडले होते की त्याची किंमतच कळली नाही.

सी-डॉटने ग्रामीण भागासाठी जे छोटे, १२८ पोर्टचे एक्स्चेंज तयार केले, त्यातले पहिले १९८६ साली कर्नाटकात कित्तूरला बसले. वातानुकूलित खोलीशिवाय, आपल्याकडच्या उन्हाळ्यात चालावे अशी त्याची रचना होती. यंत्र करताना गाव कसे आहे, याचा विचार केलेला होता. आज आपल्या दारात येणाऱ्या पेट्या करणाऱ्याने हा विचार केला असेलच असे नाही. तो आता आपल्याला करायचा आहे.

नवा फोन काचेच्या तंतूवरून, म्हणजे फायबरवरून येतो. काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. त्यामुळे भिंतीवरची पेटी घरच्या विजेवर चालते. लाइट गेली की पेटी बंद आणि पेटी बंद की फोन बंद. यात कोणाची लबाडी नाही, तो त्या तंत्राचा गुण आहे. लबाडी होते ती हे न सांगण्यात.

दुसरा फरक आवाजाचा. या फोनमध्ये आपल्या बोलण्याचे बारीक तुकडे होतात, ते एकामागून एक पाठवले जातात आणि पलीकडे पुन्हा जोडले जातात. कारखान्याच्या गव्हाणीसारखेच आहे हे. गव्हाणीत मोळ्या एकसारख्या पडत राहिल्या तर गाळप नीट. तासभर काही नाही आणि मग एकदम वीस गाड्या, असे झाले तर यार्ड भरलेले असूनही गाळप बिघडते. एका बोलण्याला दोन्ही बाजूंनी सेकंदाला साधारण १०० किलोबिट एवढीच जागा लागते. तेव्हा "शंभर एमबीचा प्लॅन घ्या, फोन झकास चालेल" या बोलण्यावर भुलू नका. पाहायचे ते लाइनचे सातत्य. आवाज पलीकडे पोचायला १५० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास, याहून उशीर नसावा, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा दंडक आहे. त्यापुढे दोघे एकमेकांच्या बोलण्यात बोलू लागतात. पारख सोपी आहे. ज्याच्याकडे ती लाइन आधीपासून आहे, अशा शेजाऱ्याकडे रात्री आठ वाजता जा. त्या वेळी सारे गाव व्हिडिओ पाहत असते. तेव्हा दहा मिनिटे बोलून बघा. दुपारी अकराला सगळ्यांचेच फोन चांगले चालतात.

"मोबाइल असताना हे कशाला?"

असे काही सभासद म्हणतील, विशेषतः तरुण मंडळी. घरापुरते त्यांचे म्हणणे आम्हाला मान्य आहे. घरात रेंज नाही पण ब्रॉडबँड आहे, अशांनी नवे यंत्र घेण्याआधी आपल्या मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'वायफाय कॉलिंग' आहे का ते पाहावे. आपल्या देशात ही सोय २०१९ च्या अखेरीपासून मिळू लागली. नंबर तोच राहतो, बोलणे मात्र घरच्या इंटरनेटवरून जाते. बहुतेक घरांचे काम यावर भागेल. परदेशातल्या मुलाशी आपण व्हॉट्सअ‍ॅपवर बोलतो, तोही इंटरनेटचाच फोन. पण एक ध्यानात असू द्या, व्हॉट्सअ‍ॅपवरून ११२ ला, म्हणजे पोलीस, बंब किंवा रुग्णवाहिकेला फोन लागत नाही. ते काम साध्या फोनचे.

ऑफिसचे गणित वेगळे आहे. मोबाइल माणसाचा असतो, ऑफिसचा नसतो. माणसाची बदली झाली की नंबर त्याच्या खिशातून निघून जातो. आमची पंचवीस मिनिटे गेली ती निम्मी याच कारणाने. गट ऑफिसला, सोसायटीला, दूध डेअरीला स्वतःचा नंबर हवाच.

आणि तो नंबर संस्थेच्याच नावावर हवा. विहीर आपण खणावी आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर असावा, असा प्रकार फोनच्या बाबतीत सर्रास होतो. अर्ज कोणा कर्मचाऱ्याच्या किंवा केबलवाल्याच्या कागदपत्रांवर केला जातो आणि पुढे भांडण झाले की नंबर हातचा जातो. मोबाइल नंबर एका कंपनीकडून दुसरीकडे नेण्याची सोय साऱ्या देशात २०११ पासून आहे. लँडलाइनच्या नंबरला ती नाही. कंपनी सोडली की नंबर सुटला. म्हणून कंपनी विचार करून निवडा. वर्षानुवर्षे सभासदांच्या वहीत लिहिलेला नंबर दोनशे रुपये वाचवण्यासाठी सोडू नका.

यंत्र कोणते घ्यावे?

आमचे मत असे की, शक्य तितके कमी घ्यावे. फायबरच्या बऱ्याच पेट्यांना मागे फोनची खाच असते. तिथे घरातला जुनाच फोन लागतो. खाच नसेल तर एक छोटा अडॅप्टर मिळतो, त्याच्या एका बाजूला इंटरनेटची वायर आणि दुसऱ्या बाजूला जुना फोन. बिनतारी हँडसेट दिसायला छान, पण त्याच्या बैठकीलाही वीज लागते. एक तरी साधा वायरचा फोन ठेवाच.

जिथे सात-आठ टेबलांवर फोन लागतात, अशा मोठ्या ऑफिसनेच 'आयपी फोन'चा विचार करावा. त्यातही एकाच वायरीतून इंटरनेट आणि वीज दोन्ही घेणारे फोन येतात. ते घेतले तर मधल्या एका पेटीला बॅटरी दिली की सगळे टेबल चालू राहतात. अशा यंत्रणेचा कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्या दिवशी बदला. तो जगजाहीर असतो आणि रातोरात तुमच्या लाइनवरून परदेशी फोन होऊन बिल तुमच्या नावे फाटू शकते.

इंटरनेटवरून देशातल्या साध्या नंबरला फोन लावण्याची वाट दूरसंचार खात्याने २०१८ साली मोकळी केली. पण ती परवानाधारक कंपन्यांसाठी. "तुमच्या घरी आमची पेटी ठेवा, महिन्याला भाडे देतो" असे सांगत कोणी अनोळखी माणूस ढीगभर सिमकार्डे घेऊन आला, तर त्याला उंबऱ्याबाहेरच ठेवा. तो समांतर एक्स्चेंजचा बेकायदा धंदा असतो, आणि पोलीस आधी घरमालकाच्या दारात येतात.

आता बॅटरीचे. फायबरची पेटी बहुधा १२ व्होल्टवर चालते, तिच्या अडॅप्टरवर ते लिहिलेले असते. अशी पेटी साधारण १२ वॉट खाते असे धरा. आपल्या फवारणीच्या पंपात १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची बॅटरी असते. तेवढी ताकद असली तर कागदावर आठ तास, व्यवहारात पाचेक तास फोन चालेल. मात्र पंपाचीच बॅटरी काढून तारा जोडू नका, पेटी जळेल. राउटरसाठी तयार छोटा यूपीएस मिळतो, तो व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या.

एवढ्याने भागत नाही. आपली पेटी जागी राहिली आणि गावातल्या केबलवाल्याच्या घरातली मोठी पेटी झोपली, तर उपयोग शून्य. म्हणून त्याला दोन प्रश्न स्पष्ट विचारा. तुमच्याकडे बॅटरी किती तासांची? आणि वायर तुटली तर जोडायला कोण येणार, किती तासांत? उत्तर लेखी घ्या. मग पैसे देण्याआधी त्याच्यासमोर मेन स्विच पाडा आणि फोन लावा. लागला तर घ्या. लागला नाही तर चहा पाजून वाटेला लावा.

वारणेचा धडा

हे सारे नवे आहे म्हणून घाबरू नये आणि नवे आहे म्हणून भाळूही नये. १९९८ साली वारणा परिसरातल्या ७० गावांत संगणक बसवून ती गावे जोडण्याचा उपक्रम सुरू झाला. त्याचे कौतुक सर्वदूर झाले. पुढे पाहणी करणाऱ्यांना दिसले की संगणकांचा मुख्य उपयोग ऊस, खत, तोड यांची माहिती गाव आणि कारखाना यांच्यात नेण्या-आणण्यापुरता होतो आणि देखभालीचा खर्च व विजेचा खोळंबा मात्र पाठ सोडत नाही. तेव्हा २००७ च्या सुमारास सात गावांत साध्या मोबाइलच्या एसएमएसवर तेच काम करून पाहिले गेले आणि ते कमी खर्चात झाले. ज्यांनी संगणक आणले ते चुकले, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्यांनी वाट पाडली. पण काम कोणते, हे आधी ठरवावे आणि त्याला पुरेल तेवढेच यंत्र घ्यावे, हा धडा आपल्याच सहकारी कुटुंबातून आलेला आहे.

आमची विनंती

संचालक मंडळाला आमची नम्र विनंती अशी. यंदा बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी प्रत्येक गट ऑफिस आणि सोसायटीतला फोन, मेन स्विच पाडून, एकदा तपासावा. नंबर संस्थेच्या नावावर आहेत ना, हे पाहावे. गट ऑफिसचा आणि बंबाचा नंबर तोडणीच्या पावतीवर छापावा. आणि बॅटऱ्या एकेकट्याने न घेता कारखान्यामार्फत एकत्र घ्याव्यात. खत आपण एकत्र घेतो, बेणे एकत्र घेतो, मग हेच का नको? येत्या वार्षिक सभेत आम्ही तसा ठराव मांडणार आहोत. आपण हात वर करावा, एवढेच मागणे.

आमच्या सोसायटीत आता बॅटरी बसली आहे. परवा सायंकाळी लाइट गेली, तेव्हा क्लार्कने न सांगता रिसीव्हर उचलून कानाला लावला आणि हसून आमच्याकडे बघितले. ज्याचा ऊस जळाला तो सभासद तिथेच बाकावर बसला होता. तो हसला नाही. "औंदा लागंल की," एवढेच म्हणाला.