विश्लेषण : ट्रेंचरचा प्रत्येक अपघात ‘चालकाचा निष्काळजीपणा’च कसा?

पाइपलाइनची चारी काढायला आता कुदळ-फावडे घेतलेली मजुरांची टोळी क्वचितच लागते. ट्रॅक्टरच्या मागे ट्रेंचर जोडला की दिवसभराचे काम तासा-दोन तासांत उरकते. मात्र हेच यंत्र शेतात वापरल्या जाणाऱ्या सर्वाधिक धोकादायक अवजारांपैकी एक आहे. त्याच्या साखळीत हात गेला, शाफ्टमध्ये कपडा अडकला किंवा जमिनीखालची केबल तुटली, की पंचनाम्यात आणि बातमीत एकच कारण येते, ‘चालकाचा निष्काळजीपणा’. हे कारण सोयीचे आहे, पण पुरेसे नाही. अपघाताची तयारी बहुतेक वेळा चालक यंत्रावर बसण्याआधीच झालेली असते.

ट्रेंचर नेमका चालतो कसा?

ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला असलेल्या पीटीओ शाफ्टवरून ट्रेंचरला शक्ती मिळते. गिअरबॉक्समधून ती एका लांब पट्टीवर, म्हणजे बूमवर, फिरणाऱ्या साखळीपर्यंत पोहोचते. साखळीला पोलादी दात असतात. मुरमाड किंवा खडकाळ जमिनीसाठी कार्बाइडचे दात लावतात. बूम जमिनीत उतरवला की दात माती खरवडून वर आणतात आणि बाजूचा स्क्रू ती चारीच्या कडेला लोटतो. ट्रॅक्टर मात्र अतिशय हळू, माणसाच्या रमतगमत चालण्यापेक्षाही कमी वेगाने पुढे सरकावा लागतो. त्यासाठी क्रीपर गिअर वापरतात. धोका इथेच सुरू होतो. यंत्र इतके हळू चालते, की त्याच्या शेजारून चालावे, वाकून चारी किती खोल गेली ते पाहावे, पायाने ढेकूळ बाजूला सारावे असे सहज वाटते. पुढे जाण्याचा वेग कमी असला तरी साखळी आणि शाफ्ट यांचा वेग कमी नसतो.

सर्वांत मोठा धोका कुठे?

साखळी डोळ्यांना दिसते, म्हणून तिची भीती वाटते. शाफ्ट फक्त गोल फिरतो, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. प्रत्यक्षात पीटीओ शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. साधारण साडेसात सेंटिमीटर जाडीच्या शाफ्टभोवती या वेगाने सेकंदाला दोन मीटरहून अधिक कापड गुंडाळले जाते. काहीतरी अडकले हे लक्षात येऊन माणूस मागे सरकेपर्यंत अर्धा सेकंद जातो. तेवढ्यात मीटरभर कापड आत गेलेले असते. उपरणे, मफलर, सैल बाही, साडीचा पदर यातले काहीही त्याला पुरते. ताकद लावून सुटता येईल ही समजूत चुकीची आहे. पलीकडे ४५-५० अश्वशक्तीचे इंजिन असते.

म्हणूनच शाफ्टवर प्लास्टिकचे आवरण दिलेले असते. शाफ्ट फिरत असताना ते आवरण स्थिर राहावे यासाठी त्याला बारीक साखळीही असते. अनेक ट्रेंचरवर हे आवरण एकतर फुटलेले दिसते किंवा काढून टाकलेले, कारण ते असले की क्रॉसला ग्रीस भरणे अवघड जाते. पाच मिनिटांची गैरसोय टाळण्यासाठी संरक्षण कायमचे काढले जाते आणि पुढच्या हंगामात तेच यंत्र नव्या चालकाच्या हाती दिले जाते. अशा यंत्रावर अपघात झाला, तर चूक नेमकी कोणाची?

साखळी अडकली की काय होते?

जुने मूळ, मोठा दगड किंवा विसरलेली पाइपलाइन लागली की साखळी थांबते. अशा वेळी शिअर बोल्ट तुटणे किंवा क्लच घसरणे अपेक्षित असते. बोल्ट तुटणे हा बिघाड नाही. गिअरबॉक्स आणि शाफ्ट वाचावेत म्हणूनच तो कमजोर ठेवलेला असतो. पण ‘सारखा तुटतो’ म्हणून त्याच्या जागी जाड किंवा अधिक कठीण बोल्ट ठोकला जातो. मग पुढचा धक्का शाफ्ट, गिअरबॉक्स किंवा साखळीला बसतो. विजेचा फ्यूज सारखा जातो म्हणून तिथे जाड तार गुंडाळण्यासारखाच हा प्रकार आहे.

अडकलेली साखळी मोकळी करताना पीटीओ सुरू असेल, तर साखळीत ताण साठून राहतो. पहारीने दगड हलताच ती एकदम फिरते. त्यामुळे क्रम ठरलेला हवा. आधी पीटीओ बंद करावा, मग बूम जमिनीवर टेकवावा, इंजिन बंद करावे, चावी काढून खिशात ठेवावी आणि साखळी पूर्ण थांबल्याची खात्री करूनच हात घालावा. यातली चावीची पायरी सर्वांत महत्त्वाची. बरेच अपघात एक जण मागे वाकलेला असताना दुसऱ्याने ‘चालू कर’ हा शब्द चुकीचा ऐकल्याने होऊ शकतात. चावी खिशात असेल तर चुकीचे ऐकूनही यंत्र चालू होत नाही.

देखभालीचा सुरक्षिततेशी काय संबंध?

थेट संबंध आहे. साखळी सैल असेल तर ती स्प्रॉकेटवरून उतरते आणि चाबकासारखी फटका मारते. फार ताणली तर बेअरिंग आणि स्प्रॉकेट लवकर झिजतात. दात बोथट झाले की यंत्र थरथरते, डिझेल जास्त लागते आणि चालक बूम जोराने दाबू लागतो. एका बाजूचे दात जास्त झिजले तर चारी सरळ जात नाही. रोज काम सुरू करण्यापूर्वी साखळीचा ताण, दातांचे बोल्ट, गिअरबॉक्समधील तेल आणि शाफ्टचे आवरण पाहायला दहा-पंधरा मिनिटे पुरतात.

हायड्रॉलिक पाइपची तपासणी मात्र हाताने करू नये. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये दीडशे ते दोनशे बारच्या घरात दाब असू शकतो. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून निघणारी तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. जखम मुंगी चावल्याएवढी दिसते, वेदनाही सुरुवातीला कमी असतात, म्हणून माणूस घरी जातो. प्रत्यक्षात ही तातडीच्या शस्त्रक्रियेची वेळ असते आणि उशीर झाला तर बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरावा.

जमिनीखाली काय आहे, हे कोणी सांगायचे?

विहिरीवरून येणाऱ्या पाइपबरोबर मोटारीची केबलही त्याच चारीत टाकण्याची पद्धत आहे. काही वर्षांनी ती कुठून गेली हे घरातही कोणाला आठवत नाही. भाड्याने आलेल्या चालकाला तर ते कळण्याचा मार्गच नसतो. त्यामुळे जुन्या पाइप आणि केबलची रेषा फक्कीने आखून देणे आणि मोटारीचा वीजपुरवठा बंद ठेवणे ही शेतमालकाची जबाबदारी ठरते.

गॅस किंवा तेलाची वाहिनी शेतातून गेली असेल, तर प्रश्न अधिक गंभीर. १९६२ च्या पेट्रोलियम वाहिनी कायद्यानुसार अशा पट्ट्यात जमीन मालकाकडेच राहते आणि पीकही घेता येते, पण बांधकाम करणे, विहीर किंवा तळे खोदणे आणि झाडे लावणे यांना मनाई आहे. तेथे चारी काढण्यापूर्वी संबंधित कंपनीला विचारलेच पाहिजे. रस्त्याकडेच्या खोदाईसाठी केंद्राने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणले. खोदणाऱ्याने जागा नोंदवली की तेथे वाहिन्या असलेल्या संस्थांना सूचना जाते. समन्वयाविना होणाऱ्या खोदाईमुळे देशाचे दरवर्षी सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असे तेव्हा सरकारनेच सांगितले होते. केबल वाचवण्यासाठी ॲप आले हे चांगलेच झाले. केबल खोदणाऱ्या माणसाला वाचवण्याच्या बाबतीत तेवढी घाई दिसत नाही.

खोदून झालेली चारी सुरक्षित असते का?

ठिबकसाठीची दोन-तीन फुटांची चारी फारशी धोक्याची नसते. खोल चारीचे तसे नाही. एक घनमीटर मातीचे वजन दीड टनाहून अधिक भरते. काळ्या मातीला भेगा असल्या किंवा पाणी मुरले असले की कड अचानक ढासळते. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूसही श्वास घेऊ शकत नाही. खोदकामाच्या सुरक्षिततेसाठी ‘आयएस ३७६४’ हे भारतीय मानक आहे. त्यानुसार दीड मीटरहून खोल चारीला आधार देणे आवश्यक ठरते. काढलेली माती अगदी कडेला रचू नये, हा नियमही तितकाच महत्त्वाचा.

मग नियम पाळले का जात नाहीत?

कारण हिशेब फुटाचा असतो. ट्रेंचरमालकाला पैसे खोदलेल्या लांबीवर मिळतात. साखळी साफ करायला थांबले, इंजिन बंद केले, बोल्ट बदलला, तर त्या वेळेचा मोबदला शून्य. हंगामही तोकडा. उन्हाळ्यात रान मोकळे झाल्यापासून पेरणीपर्यंतच कामे मिळतात आणि यंत्राचे हप्ते वर्षभर भरावे लागतात. अशा स्थितीत ‘सुरक्षितता पाळा’ हा उपदेश चालकाला स्वतःच्या खिशातून पाळावा लागतो. चालकाकडे लायसन्स असते, पण ते रस्त्यावर वाहन चालवण्याचे. पीटीओवरचे अवजार हाताळण्याची परीक्षा त्यात नसते.

चालकही चुकतात, हे नाकारण्याचे कारण नाही. मडगार्डवर मुलाला बसवणे किंवा उतारावर आडवे यंत्र चालवणे यांचा दोष दराला देता येणार नाही. पण ज्या चुका प्रत्येक गावात, प्रत्येक हंगामात त्याच पद्धतीने होतात, त्यांना एका माणसाची चूक म्हणता येत नाही.

कायदा काय सांगतो?

मळणी यंत्रात हात गमावणाऱ्या मजुरांचा प्रश्न देशाने एकदा हाताळला आहे. १९८३ चा धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा त्यातूनच आला. यंत्राच्या उत्पादनावर नियंत्रण आणि जखमी किंवा मृत मजुरासाठी भरपाई असा त्याचा दुहेरी हेतू आहे. त्याचा रोख मळणी यंत्रावर असला तरी शेतीतील अन्य यंत्रे अधिसूचनेद्वारे त्यात आणण्याचा अधिकार केंद्राकडे आहे. ट्रेंचरसारख्या यंत्रांबाबत तो वापरण्याची वेळ आली आहे.

राज्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना मृत्यू किंवा दोन अवयव गमावल्यास दोन लाख आणि एक अवयव गमावल्यास एक लाख रुपये देते. पण ती सातबारा असलेल्या खातेदारासाठी आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्यासाठी आहे. दुसऱ्याच्या रानात भाड्याच्या यंत्रावर काम करणारा भूमिहीन चालक किंवा त्याचा मदतनीस तिच्या कक्षेत बसत नाही. धोका त्याचा, संरक्षण इतरांचे, अशी ही विभागणी आहे.

उपाय काय?

कायदा बदलेपर्यंत थांबण्याची गरज नाही. शेतकऱ्याने ट्रेंचर ठरवताना दराआधी शाफ्टचे आवरण पाहावे आणि ते नसेल तर काम देऊ नये. फुटाच्या दराबरोबरच अडथळ्यामुळे थांबण्याच्या वेळेचा मोबदलाही आधीच ठरवावा. खडकाळ रानात तो रास्तच आहे. अनुदानावर अवजारे घेणाऱ्या भाडे केंद्रांना आवरण, शिअर बोल्ट आणि चालकाचे प्रशिक्षण यांची अट घालणे सरकारला सहज शक्य आहे. विक्रेत्याने यंत्र देताना मराठीतील सूचनापत्रक द्यावे आणि दिवसभर चालकाला शेतावर शिकवावे, ही अपेक्षाही अवाजवी नाही. ट्रेंचरने शेतकऱ्याचा वेळ आणि मजुरी वाचवली आहे. त्या बचतीतला थोडा वाटा यंत्र चालवणाऱ्याचे हातपाय शाबूत ठेवण्यासाठी खर्च झाला, तर तो तोटा मानता येणार नाही.