विश्लेषण : इशारा धोक्याचा, पण करायचे काय?

२४ मार्च २०२३ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी साडेदहाच्या सुमारास ‘गिटहब’ने आपल्या सर्व्हरची ‘आरएसए’ किल्ली बदलली. लगेच ती वापरणाऱ्या प्रोग्रामरच्या पडद्यावर ठळक इंग्रजी अक्षरांत इशारा झळकू लागला : सर्व्हरची ओळख बदलली आहे, कुणीतरी तुमचे संभाषण चोरून ऐकत असू शकते.

नेमके काय घडले होते?

गिटहबवर कोड पाठवण्या-आणण्यासाठी अनेक जण ‘एसएसएच’ हे साधन वापरतात. त्यात बटणे नाहीत. आज्ञा टाइप करायची, उत्तरही अक्षरांतच मिळते. पहिल्या भेटीत ते सर्व्हरच्या किल्लीची नोंद ठेवते आणि पुढे दरवेळी ताडून पाहते. गिटहबची खासगी किल्ली एका सार्वजनिक रिपॉझिटरीत थोडा वेळ उघडी पडली, म्हणून खबरदारी घेऊन ती बदलण्यात आली. इशारा चुकीचा नव्हता. मात्र किल्ली मालकाने बदलली की मध्येच कुणी भामटा गिटहबचे सोंग घेऊन बसला, हे साधनाला कळत नाही. मजकूर दोन्ही वेळी तोच. भामटा असेल तर खासगी कोड त्याच्या हाती लागू शकतो.

मग उणीव कुठे?

जुनी नोंद कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीत आहे, हे इशारा सांगतो. काही लिनक्स प्रणालींत ती पुसण्याची आज्ञाही आयती मिळते. नवी किल्ली खरी कशावरून? तर व्यवस्थापकाशी संपर्क साधा! गिटहबचा व्यवस्थापक कुठे गाठायचा? म्हणजे इशारा गप्प करणे सोपे, खातरजमा अवघड. डोक्यावर डेडलाइन असलेला माणूस काय करेल हे उघड आहे. त्याला निष्काळजी म्हणणे अन्यायाचे.

उपाय काय?

जुनी नोंद पुसून पुन्हा जोडणी केली की साधन नव्या किल्लीचा ‘ठसा’ दाखवून ‘हो की नाही’ विचारते. ४३ अक्षरांचा ठसा डोळ्यांनी कोण ताडणार? ओपनएसएसएचच्या २०१९ मधील ८.० आवृत्तीपासून ‘हो’ऐवजी अधिकृत संकेतस्थळावरील ठसा तिथेच चिकटवता येतो. तुलना संगणक करतो. ठसा जुळला नाही तर जोडणी होत नाही. गिटहब आपले ठसे संकेतस्थळावर देते. पण ही सोय प्रश्नाच्या शेवटी चौकटी कंसातल्या एका शब्दापुरती दिसते. ‘ठसा अधिकृत संकेतस्थळावरून घ्या, पुढच्या प्रश्नाला तोच चिकटवा’ एवढे वाक्य त्या मोठ्या इशाऱ्यातच हवे.