पिवळी गाडी

सकाळी साडेआठला आमच्या गावात मारुतीच्या पारापुढं पिवळी गाडी उभी राहते. टाय बांधलेली पोरं चढतात आणि गाडी जिल्हा परिषदेच्या शाळेला वळसा घालून तालुक्याला जाते. शाळेच्या पायरीवर वस्तीवरची पोरं मास्तरांची वाट बघत बसलेली असतात. पूर्वी दोन्हीकडची पोरं एकमेकांना हात करायची. आता करत नाहीत.

याच शाळेत मी बहात्तरच्या दुष्काळात चौथीला होतो. पाटलाचा, सुताराचा, मांगवाड्यातला, सगळ्यांचे पोरगे एकाच खोलीत. सुकडीची रांगही एकच. खोटं कशाला बोलू, सगळं गोड नव्हतं. पाण्याच्या माठाला मांगवाड्यातल्या पोरानं हात लावायचा नाही, दुसऱ्यानं त्याच्या ओंजळीत वरून ओतायचं. मीही ओतलंय. पण ज्याच्या ओंजळीत ओतलं त्यानंच मला भागाकार शिकवला. पुढं त्याच्या घरी भाकरी खाल्ली म्हणून आईनं मला चुलीपुढच्या फुकारीनं हाणलं. अन्याय डोळ्यांपुढं होता, म्हणून कधीतरी त्याची लाज वाटली. आज पोरांना लाज वाटायला समोर कुणी बसलेलंच नाही.

साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना घरून आणलेल्या तरटावर वेगळं बसावं लागलं. शाहू महाराजांनी १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून पोरांना सगळ्यांसोबत बसवायचा हुकूम काढला. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं १९५४ ला काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तर तिथल्या कितीतरी गोऱ्यांनी आपली लेकरं खासगी शाळांत हलवली. आम्ही तेच केलं, फक्त जातीचं नाव न घेता. फीचं नाव घेतलं की सगळं सभ्य दिसतं.

पुतण्याला विचारलं, "का रे, गावातली शाळा काय वाईट?"

"तात्या, तिथं आता कोण शिकतं? ऊसतोडवाल्यांची न् वस्तीवरची पोरं."

मी मास्तरांबद्दल विचारत होतो. त्यानं उत्तर दिलं ते पोरांबद्दल.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात खासगी शाळेत २५ टक्के जागा गरिबांच्या आणि वंचितांच्या लेकरांसाठी आहेत. आमच्या शेजारच्या मजुराच्या पोरीला तालुक्यात अशी जागा मिळाली. वर्गात तिला नावानं हाक नव्हती, ती 'आरटीईवाली'. गॅदरिंगच्या ड्रेसचे पैसे नव्हते म्हणून त्या दिवशी ती घरीच राहिली. तरी बाप म्हणायचा, राहू द्या, बसतीय तरी त्यांच्यात. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं नियमच बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर विनाअनुदानित खासगी शाळेला ही पोरं घ्यायची गरज नाही! तुमची शाळा जवळ आहे ना, तिथंच बसा, असा त्याचा सरळ अर्थ. जुलैत मुंबई हायकोर्टानं तो बदल रद्द केला. ज्यांनी तो काढला त्यांची नातवंडं कुठल्या शाळेत जातात, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

पण सरकारला शिव्या देणं सोपं. यंदा नातीला पहिलीत घालायचंय. मी म्हणालो, गावातल्या शाळेत घालू. सूनबाईनं पोळपाटावरची नजर न उचलता विचारलं, "मामा, तुम्ही तुमच्या पोराला कुठं घातलं होतं?"

तालुक्याला. इंग्रजी शाळेत. पिवळ्या गाडीच्या आधी रिक्षा होती, तिचं भाडं मी दोन एकरांतल्या कांद्यावर भरलं. मांगवाड्यातल्या माझ्या दोस्ताचा पोरगा तेव्हा गावातल्याच शाळेत होता. दोघं एकाच वयाचे. आज रस्त्यात भेटले तर एकमेकांना ओळखणार नाहीत, आणि हे माझ्या पैशानं झालं.

दोन दिवस घरात बोलणं बंद होतं. तिसऱ्या दिवशी सूनबाई म्हणाली, "घाला. पण मी रोज शाळेत जाऊन बघणार, मास्तर शिकवतात का ते." मी म्हणालो, जा की, तेच तर पायजे. शिकली-सवरली आई दारात उभी राहिली तर शाळेला बळ येईल.

शाळेत जाऊन पट विचारला. वीसच्या आत पट असलेल्या शाळा मोडून समूह शाळा करायचे प्रस्ताव सरकारनं २०२३ ला मागवले होते, ते डोक्यात होतं. मास्तर म्हणाले, "अठरा."

नात धरून एकोणीस. मी चप्पल घातली आणि पुतण्याच्या घराकडं निघालो. त्याचा धाकटा यंदा सहा वर्षांचा झालाय.