दुष्काळातून उभी राहिलेली आशा
ख्रिस्ती आशा म्हणजे परलोकाचं गाजर, हा आक्षेप पंडिता रमाबाईंपुढे टिकत नाही. आईवडील दुष्काळात गेले, १८८२ मध्ये पती गेले. पुढच्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी, निराधार मुलींना त्यांनी आसरा दिला. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये विणकाम, छपाई शिकवली. अंध मुलींची बोटं ब्रेलवर फिरू लागली. त्यांनी मुलींचं धर्मांतर केलं, या आरोपावर वाद जरूर घालावा. पण देवानेच क्रुसावर यातना सोसल्या असं मनापासून मानणाऱ्या माणसाला दुःखितांकडे पाठ फिरवता येत नाही. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली, तरी आजारी रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतराचं काम अखेरपर्यंत करत राहिल्या.