डॉक्टरांच्या परिषदेत साप चावलेली माणसं



आज फवारणी नाही, खत नाही. पुढच्या महिन्यात पुण्याला डॉक्टरांची सर्पदंशावर परिषद आहे. माझ्यावर उपचार केलेल्या डॉक्टरांचा फोन आला, "पेशंट म्हणून या, दहा मिनिटं बोला." म्हणलं, एकटा येत नाही, आणखी दोघांना आणतो. ते हो म्हणाले. तेव्हापासून पारावर रोज हाच विषय आहे.

आम्ही तिघं कोण, ते सांगतो. चार वर्षांपूर्वी रात्री दीडला लाइट आली म्हणून उसाला दारं धरायला गेलो, आणि बांधावरच्या गवतात घोणस चावली. सहा डायलिसिस झाले तेव्हा लघवी सुटली. आमच्या भावकीतल्या आबांना वैरण काढताना नाग चावला. त्यांना आधी देवळात नेलं, मग दवाखान्यात. वाचले, पण हाताचं एक बोट गेलं. तिसऱ्या वस्तीवरच्या मावशी. खाली झोपल्या होत्या, मण्यार चावली. चावल्याची खूण नाही, सूज नाही. पहाटे पोटात दुखायला लागलं, सगळे म्हणाले पित्त झालं. पापण्या मिटायला लागल्या तेव्हा पोरानं मोटारसायकलवर मधी बसवून नेलं.

पारावर एक जण म्हणाला, "तुम्हाला शोभेला नेत्यात. इंग्रजीत बोलतील, तुम्ही मान डोलवाल, जेवून याल." त्याचं अगदीच चूक नाही. नुसता शाल-नारळ घ्यायचा असेल तर जाऊच नये. पण मला वाटतं, जायला पाहिजे, कारण डॉक्टर आपल्याला बघतात ते दवाखान्याच्या दारापासून पुढं. बांधापासून त्या दारापर्यंत काय झालं, ते फक्त आपल्यालाच माहीत. भारतात सापानं वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं जातात असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यातली, आणि बहुतेक दवाखान्याच्या बाहेर मेलेली. ती काही परिषदेत येऊन बोलणार नाहीत. आपण वाचलोय, आपण बोलायचं.

काय बोलायचं ते वहीत लिहून काढलंय.

पहिलं, वेळ. मला पहिल्या दवाखान्यात नुसतं सलाइन लावून "पुढं न्या" म्हणाले. इंजेक्शन मिळालं चार तासांनी. विषाची लक्षणं दिसत असतील तर पहिला डोस तिथंच देऊन मग पुढं पाठवायचं, ही डॉक्टरांचीच पद्धत आहे. मग ती खाली का पोचत नाही?

दुसरं, काचेची नळी. घोणस-फुरशाच्या विषानं रक्त गोठत नाही. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, २० मिनिटं न हलवता ठेवायचं, मग तिरपं करून बघायचं. गोठलं नाही तर विष भिनलंय. याला ना मशीन लागतं ना लाइट. ही नळी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे का, एवढंच विचारायचं.

तिसरं, औषध. आपल्याकडचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चार सापांवर चालतं. त्यासाठीचं बहुतांश विष तामिळनाडूत इरुळा समाजाच्या सहकारी संस्थेतून येतं. सापाचं विष मुलखागणिक बदलतं, हेही शास्त्रज्ञच सांगतात. मग आपल्या भागातल्या घोणसवर ते किती लागू पडतं, याचं उत्तर आम्हाला मराठीत द्या. (याचा अर्थ इंजेक्शन घेऊ नका असा कुणी काढू नये. विषावर दुसरं औषध नाही. मी त्याच्यावरच जिवंत आहे.)

चौथं, नंतरचं. मेलो असतो तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून घरच्यांना २ लाख मिळाले असते. जगलो, किडनी दुखावली, एक हंगाम गेला, सोनं गहाण पडलं. त्याची वही कुणाकडं नाही. केंद्र सरकारनं मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणतात. चांगलं आहे. पण वाचलेल्यांचीही मोजणी करा.

आता जायच्या तयारीचं. एसटीत मावशींना अर्धं तिकीट आहे, पण त्यांचा दोन दिवसांचा रोज बुडतो. डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं, पेशंटला बोलावता तर फी माफ करा आणि रोजही द्या. डॉक्टर रजा टाकून येतात, त्यांचा पगार चालू राहतो; खुरपणाऱ्या बाईचा रोज थांबतो. फी माफ झाली. रोजाचं अजून उत्तर नाही. नाही आलं तर मी आणि आबा निम्मा-निम्मा घालणार, पण मागणी सोडणार नाही. मावशी आधी म्हणाल्या, "मला काय बोलता येतंय?" म्हणलं, तुम्ही फक्त पित्ताची गोष्ट सांगा. तेवढ्यानं एखादा नवा डॉक्टर पहाटेच्या पोटदुखीला पापण्या तपासायला शिकला, तरी तिकीट वसूल.

कृषी अधिकारी मित्रांनो, फवारणीच्या शिबिरात तुम्ही मास्क, हातमोजे सांगता. त्यात गमबूट आणि बॅटरीही घाला. आणि दिवसा लाइट हे सापावरचं पहिलं औषध आहे, हे तुमच्या अहवालात लिहा.

बाकी सगळ्यांना परत एकदा: बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, साप शोधत बसायचं नाही. हात-पाय हलू न देता थेट इंजेक्शन असलेल्या दवाखान्यात. झोपायला खाट आणि मच्छरदाणी.

तुमच्यापैकी कुणाला चावलं असेल तर तीनच गोष्टी कळवा: किती वाजता चावलं, आधी कुठं नेलं, पहिलं इंजेक्शन किती वाजता मिळालं. नाव नको. वहीत जागा ठेवलीय, पुण्याला तुमचंही वाचून दाखवतो.