पुस्तिका कुणाच्या कपाटात?

मैत्रिणींनो, नागपूरचा मे महिना, पारा ४५ अंशांवर, अन् आमच्या फ्रिजच्या दारातलं पाणी बंद! पॅनेलची बटणंही ऐकेनात. "तू हात लावू नकोस, मेकॅनिकला बोलावू," हे म्हणाले. मी आधी माहितीपुस्तिका शोधली. पॅनेलवर कुलपाचं चिन्ह पेटलं होतं. धाकट्या भाच्याचा प्रताप! ते बटण तीन सेकंद दाबून धरलं आणि पाणी सुरू.

कुलूप नसेल, तर प्लग काढून दहा मिनिटं थांबावं. पाण्याची धार बारीक झाली असेल, तर फिल्टर बघावा. तो साधारण सहा महिन्यांनी बदलावा लागतो. वायरिंग मात्र उघडू नये, ते काम मेकॅनिकचंच. वॉरंटीत असूनही कंपनी टोलवाटोलवी करत असेल, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

फ्रिज दिवसभर आपण वापरायचा आणि पुस्तिका मात्र 'ह्यांच्या' कपाटात, असं का? आजच ती आपल्या हाताशी ठेवू या.