आकडा सांगा, पण मापासकट!

वरवे बुद्रुकच्या वस्तीतल्या एका आजींना बीपीची गोळी रोज चालू आहे. मुलाने घरी मोजायचं यंत्र आणलं. एका सकाळी सुनेने मोजलं आणि ती घाबरली. वर १६०, खाली १०७! तिने आजींना आणखी एक गोळी दिली. दुपारी आजी चक्कर येऊन ओट्यापाशी पडल्या. हाड मोडलं नाही, एवढंच नशीब.

आम्ही जाऊन यंत्र पाहिलं. पडद्यावर १६.० आणि १०.७ होतं. टिंब बारीक, आणि कडेची इंग्रजी अक्षरं त्याहून बारीक: 'केपीए', म्हणजे किलोपास्कल. आपल्या दवाखान्यांत बीपी 'एमएमएचजी'त, म्हणजे मिलिमीटर पाऱ्यात सांगतात. दाबाने पारा नळीत किती वर चढतो, त्याचं ते माप. त्या मापात आजींचं बीपी होतं १२०/८०. गोळीने अगदी ताब्यात! नातवाने खेळताना एक बटण दाबून धरलं होतं. काही यंत्रांत तेवढ्याने माप बदलतं.

यात सुनेची चूक आम्ही मानत नाही. तिच्या हातात यंत्र दिलं, पण माप कुणी समजावलं नाही.

पुणे-सातारा रस्त्यावरच्या पंक्चरच्या दुकानात कारचा मालक '३३ भर' म्हणतो. ते पीएसआय, म्हणजे एका चौरस इंचावर ३३ पौंड. हे इंग्रजांचं माप. तीच हवा किलोपास्कलमध्ये मोजली तर सुमारे २३० भरते. हवा तेवढीच, आकडे दोन. पण कुणी २३० हा आकडा पीएसआय समजून हवा भरायला गेला तर टायर फुटेल. टायर नवा मिळतो. आजी मिळत नाही.

१९५६ साली, धम्मदीक्षेच्याच वर्षी, देशात मेट्रिक वजन-मापांचा कायदा झाला. शेर, तोळे, पौंड मागे पडले. गावोगावची वेगवेगळी मापं गेली, म्हणजे फसवायची एक वाट बंद झाली. मापाच्या गोंधळात सगळ्यात आधी नाडला जातो तो गरीबच. आज तांदूळ घेताना आपण भाव किलोचा की पायलीचा, हे विचारतो. मग आपल्याच रक्तदाबाचं माप का विचारू नये?

काही जण म्हणतात, वस्तीतल्या बायांना आकडे कशाला, 'जरा वाढलंय' एवढं सांगितलं की पुरे. आम्हाला हे मुळीच मान्य नाही. आपल्या शरीराचा आकडा समजून घेणं हा आपला हक्क आहे. आणि त्यातलं गणित चौथीच्या मुलालाही जमेल. किलोपास्कलच्या आकड्याची दहापट करा आणि त्यातून पाव भाग वजा करा. १६ चे १६०, त्यातून ४० गेले, उरले १२०. साडेसातने गुणलं तरी उत्तर तेच. साडेसातीला घाबरू नका, साडेसात लक्षात ठेवा!

आमचं मागणं साधं आहे. यंत्र विकणाऱ्याने ते एमएमएचजीवर लावून, दाखवून द्यावं. बीपी तपासणाऱ्याने वरचा आकडा, खालचा आकडा, माप आणि तारीख कागदावर लिहून द्यावी. कुणी नुसतं 'ठीक आहे' म्हटलं तर आपण विचारावं, 'किती, आणि कशात?'

घरी मोजताना अर्धा तास आधी चहा, तंबाखू, मिश्री नको. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा. पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला, पट्टा उघड्या दंडावर. आकडा वेगळा वाटला तर आधी टिंब आणि माप पाहा, मग पुन्हा मोजा. एका आकड्यावरून गोळी वाढवू नका, बंदही करू नका. पुन्हा पुन्हा १४०/९० च्या वर येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. १८०/१२० च्या वर गेलं आणि छातीत दुखतंय, धाप लागतेय, बोलणं अडखळतंय किंवा एक हात-पाय लुळा पडलाय, तर वाट न पाहता १०८ ला फोन करा.

येत्या पौर्णिमेला विहारात येताना घरातलं यंत्र सोबत आणा. सगळ्यांची मापं एकत्र बसून तपासू. जय भीम!